खाणीतली वज्रटीक

लग्नाच्या फोटोत माझ्या गळ्यात वज्रटीक आहे. ती माझी नाही, मोठ्या जाऊबाईंची आहे. फोटोग्राफरने "झालं" म्हटलं तशी त्यांनी मला मंडपामागे नेलं, मानेवरची गाठ सोडली आणि टीक आपल्या गळ्यात बांधली. त्यांना मी दोष देत नाही. पंगतीत वाढायचं होतं आणि उघड्या गळ्याने वाढणारी थोरली सून पाहुण्यांना चालली नसती.

वज्रटीक म्हणजे गळ्याशी घट्ट बसणारा, सोन्याच्या टोकदार मण्यांच्या ओळींचा पट्टा. मागे रेशमाचा गोंडा असतो, त्याने तो बांधायचा. माझी वज्रटीक त्या वेळी नगरला, माळीवाड्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत, लोखंडी कपाटात होती. मात्र ती कागदाची होती. माझ्या टीकेसाठी साठवलेल्या पैशातून माझ्या होणाऱ्या नवऱ्याने सोन्याच्या खाणीचे शेअर घेतले होते.

त्याच खोलीत पुढे आम्ही दोघांनी शेअर-दलालीचं कार्यालय चालवलं. मी बी.ए. झालेली, पुस्तकांतली. लग्नाआधी शेअर हा शब्द मी फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वाचायचा नसलेला म्हणून पाहिलेला. चार दशकं त्या खोलीत बसले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरखाली कादंबरी उघडी असायची. या धंद्याबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं त्या एका खाणीने शिकवलं. कंपनीचं नाव छापत नाही. ती अजून जिवंत आहे आणि तिच्याकडे वकील आहेत.

नवऱ्याचं नाव मात्र छापते. दिगंबर. समोर कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. आता घ्यायला हरकत नाही, मागे वळून बघणार नाहीत.

आमच्या लग्नाच्या बोलणीत सोन्याचा विषय निघाला तेव्हा दिगंबरने स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगितलं की मुलीच्या टीकेची सोय झाली आहे, खाणीतच वाटा घेतला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, काष्टीचे. शेती होती आणि बैलांची पारख होती. काष्टीच्या बाजारात लोक बैल घ्यायच्या आधी दादांना दाखवायला आणत. त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली.

"जावाईबापू, दुकानात सोनं मिळतंय की. खड्ड्यात कशाला गेलात?"

"दुकानात तरी कुठून येतं, दादा? खाणीतूनच ना? मग मधल्या दुकानदाराला कशाला पोसायचं?"

"दूध पायजे असलं का आमी म्हैस घेतो. गोठ्यात वाटा घेत न्हाई." दादांनी सुपारी तोंडात टाकली. "बरं, बैल घेताना दात बघत्यात. खानीचं काय बघितलं?"

"ताळेबंद."

"तो कोनी लिवला?"

"कंपनीने."

"म्हंजी दात तिचे तिनंच मोजून सांगितले."

बैठक हसली. दिगंबरही हसला. लग्न मोडलं नाही याचं कारण, दादांना मुलगा आवडला होता. जाताना ते आईला म्हणाले, माणूस खोटं बोलत न्हाई, फक्त वाचतो लई. माझ्या बाबतीतही त्यांची हीच तक्रार होती, तेव्हा जोडा जमला. दिगंबरने सर्वांसमोर शब्द दिला की भाव चढला की विकीन आणि हिला वज्रटीक करीन. तो शब्द खरा होता. पुढे भाव चढलाही. अडचण मधल्या एका गोष्टीची होती, ती पुढे सांगते.

आधी आमचा धंदा थोडा सांगायला हवा. आता सगळं मोबाईलवर होतं, तेव्हा शेअर म्हणजे खरोखरचा कागद असे. रंगीत, कडेला वेलबुट्टी, एखाद्या विद्यापीठाच्या पदवीसारखा. तो विकायचा तर सोबत फॉर्म जोडायचा आणि फॉर्मवरची सही कंपनीकडच्या जुन्या सहीशी जुळायला हवी. आमचं निम्मं आयुष्य सह्या जुळवण्यात गेलं. एक निवृत्त हेडमास्तर होते. नोकरीत असताना त्यांची सही ऐसपैस, शेवटी फटकारा. निवृत्तीनंतर ती आखडली आणि कंपनीने कागद परत पाठवले. दिगंबरने त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर शिपायासारखे हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, सर, माझं प्रगतीपुस्तक आहे असं समजून करा. फटकारा बरोबर आला.

नवरा गेलेल्या बायका येत, त्यांचं काम माझ्याकडे असे. वारस म्हणून नाव चढवायचं, त्यासाठी दाखले, प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार. मी त्यांना सांगायचे, आधी रडून घ्या, मग सही करा. ओली सही कंपनी परत पाठवते. त्या हसायच्या. मला तेव्हा वाटायचं मी त्यांना धीर देते आहे.

खाणीच्या शेअरबद्दल लोक फार विचारत. सोनं हा शब्द ऐकला की आपल्या माणसाची बुद्धी देव्हाऱ्यात जाऊन बसते. त्यांना समजावण्यासाठी मी एक दाखला तयार केला होता, तो इथे देते.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा टँकर आणि बोअर यांतला फरक लहान मुलालाही कळतो. दुकानातलं सोनं म्हणजे टँकर. पैसे दिले, पाणी मिळालं, विषय संपला. खाणीचा शेअर म्हणजे दहा जणांनी मिळून पाडलेल्या बोअरमधला वाटा. दुष्काळ पडला, टँकरचा दर वाढला, की बोअरवाल्याची चैन. कारण त्याचा खर्च तोच आणि पाणी महाग. म्हणून सोनं थोडं चढलं तरी खाणीचा शेअर उड्या मारतो. पण मोटर जळते. डिझेल वाढतं. पाणी खोल जातं आणि आणखी खाली उतरायला आणखी पैसे लागतात, ते वाटेकऱ्यांकडूनच मागितले जातात. शिवाय एक दिवस बोअर आटतो, टँकरचं पाणी मात्र ज्याच्या टाकीत आहे त्याच्या टाकीत राहतं. म्हणून सोन्याच्या खाणीत वाटा घेणं म्हणजे सोनं घेणं नव्हे. तो एक उद्योग घेणं आहे, आणि तो उद्योग म्हणजे जमिनीखाली खर्च करत जाणे.

हे सगळं मी दिगंबरकडूनच शिकले होते. गिऱ्हाइकांना तो याहून छान सांगायचा. त्यांना सांगून झालं की कपाट उघडून आपले कागद एकदा बघायचा आणि परत ठेवायचा.

खाण दरवर्षी एक गुळगुळीत अहवाल पाठवी. त्यात शिरस्त्राण घातलेली माणसं हसत असत आणि खोल थरांत आशादायक लक्षणं दिसत असत. आशा इतकी वर्षं खोलच होती. लाभांश कधी आला तर त्यात आम्हा दोघांचा चहा होई, भजी नाही. एकदा कंपनीने उलट आमच्याकडेच पैसे मागितले, नवीन शेअर घ्या म्हणून. दिगंबरने ते भरले. त्या दिवाळीला मी जुनीच पैठणी नेसले. कुणी विचारलं तर नवीन पैठणी जमिनीखाली आहे म्हणून सांगायचे.

दर दसऱ्याला तो माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवी. सोनं घ्या. मी विचारायचे, खाणीतलं का? तो खालमानेने हसे.

आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, राहात्याचे पेरू-बागाईतदार, अण्णा. दिगंबरने नको म्हणून बोअरचा सगळा दाखला ऐकवला तरी अण्णांनी गुरुपुष्याचा दिवस बघून खाणीचे शेअर घेतलेच. घेताना नारळ फोडायला निघाले होते, खाली स्टेशनरीवाल्याने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून थांबवलं. मुहूर्त विचारणारी माणसं दिगंबरला सहन होत नसत. भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: बाजाराला पंचांग कळत नाही. अण्णांनी ती वाचली, मान डोलावली आणि विचारलं, सध्या राहुकाळ न्हाई ना?

काही वर्षांनी जगभर बँका कोसळल्या, सगळे सोन्याकडे धावले आणि खाणीचा शेअर आयुष्यात पहिल्यांदा शुद्धीवर आला. दिवसागणिक चढू लागला. अण्णांनी अर्ध्या वाटेवरच विकला. कारण शहाणपण नव्हतं. मेव्हणीचं लग्न निघालं आणि बायकोने पाटल्यांसाठी जेवण बंद केलं. विकल्यावर भाव आणखी चढत गेला तेव्हा ते रोज फोन करून मला बायकोच्या तक्रारी सांगत. नंतर भाव पडल्यावर मात्र त्यांनी या सगळ्याचं तत्त्वज्ञान केलं.

"वैनी, साहेबांला सांगा, पेरू पिकला का तोडायचा. झाडाव ठिवला का राघू खातो."

तो पेरू पिकला होता त्या दिवसांत आम्ही काय केलं, ते सांगते.

दुपारची वेळ होती. भाव असा होता की कागद विकले असते तर वज्रटीक झाली असती, मागेपुढे पूर्ण, आणि उरल्या सोन्याची कुडी झाली असती. मी हिशेब दोनदा केला होता. दिगंबर चहा पीत होता. मी म्हटलं, "अहो, आता विका."

"विकतो," तो म्हणाला. बशी खाली ठेवली. "पण आत्ता पितृपक्ष आहे."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"शेअर विकायला पितृपक्ष आड येतो?"

"शेअरला नाही. टीकेला येतो. पितृपक्षात सोनं घरात आणायचं? आई काय म्हणेल?"

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण पितृपक्षात तिचंच मत विचारात घ्यायचं असतं, हे त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं.

"मग शेअर आज विका. टीक दसऱ्याला घेऊ."

"आणि मधल्या दिवसांत सोनं वाढलं तर? पैसे बँकेत पडून राहणार. एका हाताने विकायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं. त्याच दिवशी. दसऱ्याला."

असं पंचांग आणि अर्थशास्त्र एकत्र आलं, आणि माझा गळा रिकामा राहिला. या चुकीचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती अडाण्याच्या हातून झाली नसती, कारण त्याने कागदच घेतले नसते. पूर्ण नास्तिकाच्या हातून झाली नसती, त्याने त्याच दुपारी विकले असते. ती व्हायला आमच्यासारखी शिकलेली, पाट्या लिहिणारी, आणि आईला घाबरणारी माणसं लागतात.

नवरात्र बसलं आणि भाव बसला. दसऱ्याला तो जिथून निघाला होता त्याच्या थोडा वर होता. दिगंबरने आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. मी काही विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक इंग्रजी शब्द राहायला आला, लाँग टर्म. आता तोट्यात कशाला विकायचं, लाँग टर्म बघू. सोनं मात्र थांबलं नाही. ते सावकाश, कुणाला न विचारता चढत राहिलं, आणि खाण खणत राहिली.

गेल्या वर्षी फाल्गुनात दिगंबर गेला. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "भाव काय?"

"सोन्याचा की खाणीचा?"

तो थोडा हसला. "सोन्याचा."

इतक्या वर्षांत सोन्याचा भाव त्याने मला पहिल्यांदा विचारला. मी सांगितला. त्याने डोळे मिटले. मी ते फार मनाला लावून घेतलं नाही असं लिहायचं होतं, पण ते खरं नाही.

दहाव्याला सीना नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. छपरावर ओळीने बसलेले, पण एकही उतरेना. थोरल्या दिरांनी हात जोडून एकेक वचन दिलं. दिगू, ऑफिसचं बघू. दिगू, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. दिगू, तुझी पुस्तकं वाचनालयाला देऊ. या शेवटच्या वचनावर एक कावळा उडूनच गेला. गुरुजींना पुढचं काम होतं, ते घड्याळाकडे बघू लागले. शेवटी मला पुढे केलं.

मी हळू म्हटलं, "शेअर विकून टाकते."

जवळ आलेला कावळा दोन उड्या मारून मागे गेला.

"बरं. नाही विकत."

तो आला आणि सरळ भातात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्यामागे उभ्या जाऊबाईंनी तेवढं ऐकलं होतं. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आता शब्द पाळ हो. त्याचा जीव त्यात होता." कावळ्यांचं मानसशास्त्र मी वाचलेलं नाही. पण माणूस जन्मभर जे करत आला, तेच मेल्यावर करणार नाही असं मानायला आधार नव्हता.

घरी येऊन मी आमच्याच कार्यालयाचे फॉर्म भरले. वारस म्हणून माझं नाव चढवायचं होतं. दुसऱ्या बायकांना जे सांगत आले ते स्वतःला सांगितलं. सही दोनदा परत आली. ओली होती म्हणून नव्हे. सही करताना हात जरा थांबत होता. तिसऱ्या खेपेला जुळली.

मग या वर्षी सोनं पेटलं. आणि त्याच्या मागे, अनेक वर्षांची झोप मोडून, खाणीचा शेअर पुन्हा उभा राहिला. कार्यालय मी तोवर बंद केलं होतं, तरी अण्णा राहात्याहून पेरूची पाटी घेऊन आले. आता थकलेत. पाटी ठेवली, दिगंबरच्या फोटोला हात जोडले, आणि म्हणाले, "वैनी, पिकलंय."

"कावळ्याला शब्द दिलाय, अण्णा."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "कावळ्याला दिलाय. राघूला न्हाई ना?"

मी पंचांग काढलं. पितृपक्ष दुसऱ्या दिवशी लागत होता. त्याआधी विकून मोकळी होता आलं असतं. पण मी मुद्दाम थांबले. सकाळी बाजार उघडला तसे शेअर विकले, एक सोडून. पैसे खात्यात आले त्या दिवशी सराफाकडे गेले.

पितृपक्षातला सराफ म्हणजे परीक्षा संपलेल्या शाळेतला शिक्षक. दुकानात मी, सराफ आणि एक पंखा. मला बघून तो गोंधळला. आधी मला वाटलं पितृपक्षामुळे, मग लक्षात आलं, कपाळामुळे. तो म्हणाला, वहिनी, मोडायचं आहे का? मी म्हटलं, घडवायचं आहे. वज्रटीक. त्याने हिशेब केला, पुन्हा केला आणि चष्मा काढला.

"पूर्ण नाही व्हायची. पुढचा पट्टा होईल, मणी बारीक धरून. मागे गोंड्याची दोरी लांब ठेवू."

मी मान हलवली. हाच आमचा चार दशकांचा परतावा. रुपयांत मोजला तर चांगला, कागदावर दिगंबरने तो बँकेच्या ठेवीशी तोलून अभिमानाने दाखवला असता. पण ज्या पैशांत तेव्हा पूर्ण टीक झाली असती, ते खाणीत चार दशकं ठेवून आता अर्धी होत होती. सोन्याच्या खाणीचा शेअर सोन्यात मोजू नये, एवढंच सांगेन. ज्यांना मोजायचाच आहे त्यांनी लग्नाआधी मोजावा. आणि पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून सराफाने घडणावळीत चांगली सूट दिली. ही सूट दिगंबरला कोणत्याही दसऱ्याला मिळाली नसती, हे त्याला सांगायचं राहिलं.

दशमीला त्याची तिथी. टीक आदल्या दिवशी आली होती. सकाळी वडे-खीर केली, पान वाढलं आणि टीक गळ्यात बांधूनच गच्चीवर गेले. जाऊबाई मागून आल्या. पान कठड्यावर ठेवून वळले तेव्हा त्यांनी बघितलं.

"अगं, आज? पितृपक्षात सोनं?"

"ज्यांची तिथी आहे त्यांनीच द्यायची होती. आता पितरांत तेच आहेत. हरकत असेल तर त्यांनी सांगावं."

"आणि कावळ्याला दिलेला शब्द?"

"एक शेअर ठेवलाय. लाँग टर्म."

टाकीवर एक कावळा बसला होता. मान वाकडी करून बघत होता, माझ्याकडे की वड्याकडे ते सांगता येत नाही. उतरेना. आम्ही दोघी उभ्या राहिलो. ऊन वाढलं. मला उगीच वाटायला लागलं की आता काहीतरी वचन द्यावं लागणार, आणि माझ्याकडे द्यायला उरलेलं एकच होतं, ते गळ्यात होतं.

तेवढ्यात जाऊबाईंचा हात माझ्या मानेला लागला. मंडपामागचा तोच हात, आता सुरकुतलेला. मी दचकले. वाटलं, सोडतायत.

"गाठ सैल बांधली आहेस," त्या म्हणाल्या. "एवढी लांब दोरी दिलीये मेल्याने. हल नको."

त्यांनी गोंडा ओढून गाठ घट्ट मारली. टीक गळ्याशी बसली. कावळा उतरला, वडा उचलला, आणि त्याचं मत बदलायच्या आत आम्ही दोघी खाली आलो.